मध्यवस्तीजवळच्या घरांना पाठिंबा द्यायचाय? मग नेमका द्या

छोट्या शहरातली बांधकाम परवानगीची सुनावणी एकदा तरी मागच्या खुर्चीत बसून बघावी. प्रस्ताव असतो बाजारपेठेपासून चार-पाचशे मीटरवरच्या तीन मजली इमारतीचा. विरोध करणारे गृहस्थ मोजमापं घेऊन आलेले असतात. हिवाळ्यात दुपारी तीनला सावली कुणाच्या अंगणात पडेल, गाड्या कुठे लागतील, पावसाचं पाणी कुठे तुंबेल, सगळं त्यांना पाठ असतं. मग पाठिंबा देणारा माणूस उठतो. ‘प्रकल्प चांगला आहे, शहराला अशा घरांची गरज आहे,’ एवढं म्हणतो आणि खाली बसतो. टिपणं घेणाऱ्याच्या वहीत पहिल्याची दोन पानं भरतात, दुसऱ्याची एक ओळ.

निर्णय घेणाऱ्यांना त्या एका ओळीचा काही उपयोग नसतो. त्यांना कारण लिहून मंजुरी द्यायची असते आणि ते कारण नियमात बसावं लागतं. म्हणून पाठिंबा तीन गोष्टींवर तोलावा: तो नेमका आहे का, लेखी आहे का आणि वेळेत पोचला का. पुढे जे सांगतोय ते याच तीन गोष्टींसाठी. तुम्ही वास्तुविशारद किंवा वकील असायची गरज नाही. मोजपट्टी, घड्याळ आणि तीन-चार संध्याकाळी हाताशी हव्यात.

आधी जागेवर जा, तेही चालत

प्रस्तावाच्या माहितीपत्रकात ‘बाजारपेठ पाच मिनिटांवर’ असं लिहिलेलं असतं. ते पाच मिनिटं कुणाचे, हे तपासायचं. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे पाच मिनिटांत ४०० आणि दहा मिनिटांत ८०० मीटर. नियोजनाच्या कागदांत हेच दोन आकडे पुन्हा पुन्हा येतात. पण नकाशावर कंपासने काढलेलं ४०० मीटरचं वर्तुळ आणि पायाखालचा रस्ता यांत फार फरक पडतो. मधे रेल्वेचा रूळ असेल, नाला असेल किंवा लांबलचक भिंत असेल, तर नकाशावरचे ४०० मीटर चालताना ९०० होतात.

भूखंडाच्या नियोजित दारापासून निघा आणि रोजच्या पाच ठिकाणांपर्यंत चालत जा: किराणा, शाळा, दवाखाना, बसथांबा, बाग. एकदा दिवसा, एकदा अंधार पडल्यावर. दिवसाच्या फेरीत हातात भरलेली पिशवी घ्या किंवा बाबागाडी ढकलत न्या. नुसत्या हाताने चालणाऱ्याला पदपथाचे दोष दिसत नाहीत. पदपथ कुठे संपतो, विजेचा खांब नेमका मधोमध कुठे उभा आहे, चाकं कुठे अडतात, हे मीटरसकट टिपून घ्या. ‘पदपथ खराब आहे’ ही तक्रार झाली. ‘दक्षिणेच्या बाजूला ६० मीटर पदपथच नाही आणि तिथे बाबागाडी रस्त्यावर उतरवावी लागते’ हा पुरावा झाला.

रस्ता ओलांडायची जागा घड्याळ लावून बघा. रस्ता १४ मीटर रुंद असेल, तर सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला १२ सेकंद लागतात. सेकंदाला ०.९ मीटर चालणाऱ्या आजोबांना जवळपास १६. सिग्नल १३ सेकंदांत बदलत असेल, तर त्या घरांत म्हातारी माणसं राहायला येतील आणि बाजारात मात्र जाणार नाहीत. वाहनांचा वेगही असाच बघायचा. अमेरिकेतल्या अपघातांवरच्या २०११च्या एका अभ्यासात पादचाऱ्याच्या मृत्यूची सरासरी शक्यता ताशी ३७ किलोमीटरच्या धडकेत सुमारे १० टक्के, ५१ किलोमीटरला २५ टक्के आणि ६८ किलोमीटरला ५० टक्के निघाली होती. म्हणजे घरं ‘चालण्याजोगी’ आहेत की नाहीत हे इमारतीइतकंच समोरच्या रस्त्यावर ठरतं, आणि तो रस्ता बिल्डरचा नसतो, पालिकेचा असतो. ही गोष्ट पुढे पत्रात कामाला येते.

स्पेनमधलं पोन्तेवेद्रा हे ऐंशी-पंच्याऐंशी हजार वस्तीचं शहर. १९९९पासून त्यांनी मध्यवस्तीतून गाड्या हळूहळू बाहेर काढल्या. २०११ साली त्यांनी एक साधा नकाशा छापला: मेट्रोच्या नकाशासारखा दिसणारा, पण रेघांवर चालायला लागणारी मिनिटं लिहिलेली. शहरात मेट्रो नाहीच! असा नकाशा आपल्या भूखंडापुरता अर्ध्या दिवसात होतो. एक कागद, मधे प्रस्तावित इमारत, चारी बाजूंना ठिकाणं आणि मधल्या रेघांवर तुम्ही स्वतः मोजलेली मिनिटं. सुनावणीत लोक हा कागद हातात घेऊन बघतात. शंभर पानी वाहतूक अहवाल कुणी उघडत नाही.

नकाशाचे चार आकडे

प्रस्तावाची फाइल बघायला मागा. बहुतेक ठिकाणी ती जनतेला बघता येते. आत बरंच काही असतं, पण पहिल्या वाचनात चारच आकडे शोधा: एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण), उंची, सामासिक अंतरं आणि पार्किंग. मग नियमावली काय सांगते आणि प्रस्तावात काय आहे, ते दोन रकान्यांत लिहा. जिथे आकडे जुळत नाहीत, तिथे बिल्डरने सवलत मागितलेली असते आणि वाद तिथेच पेटणार असतो.

सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांत सोडायची मोकळी जागा. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. २५ गुणिले ४० मीटरचा, म्हणजे १,००० चौरस मीटरचा भूखंड घ्या. चारी बाजूंनी ६ मीटर सोडा. उरतात १३ गुणिले २८, म्हणजे ३६४ चौरस मीटर. तेच अंतर ३ मीटर केलं की १९ गुणिले ३४, म्हणजे ६४६. जुन्या मध्यवस्त्यांतल्या इमारती रस्त्याला खेटून, एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि पर्यटक त्यांचेच फोटो काढतात. आजच्या नियमांनी त्यातली एकही उभी राहणार नाही, अशी कित्येक शहरं आहेत. तुमच्याकडे तसं असेल तर हे वाक्य सुनावणीत जरूर वापरा. फक्त दोन इमारती दाखवून, मापासकट.

आता पार्किंग. इथे जरा थांबू, कारण छोट्या शहरात बहुतेक प्रकल्प इथेच गुदमरतात.

एका गाडीला उभं राहायला साधारण अडीच गुणिले पाच मीटर लागतात. पण गाडी हवेतून येत नाही. आत येण्याचा, वळण्याचा, मागे घेण्याचा रस्ता धरला की एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. वरच्याच भूखंडावर प्रत्येकी ६५ चौरस मीटरची १२ घरं बांधायची आहेत असं समजा. जिने-भिंती धरून बांधकाम साधारण ९०० चौरस मीटर, म्हणजे तीन मजले आणि प्रत्येक मजला ३००चा. नियम सांगतो, घरटी दोन गाड्यांची जागा हवी. २४ गाड्या गुणिले २७, म्हणजे ६५० चौरस मीटर. इमारत ३००, गाड्या ६५०, झाले ९५०. उरलेल्या ५० चौरस मीटरमध्ये झाडं, कचऱ्याची जागा, सायकली, मुलं आणि सामासिक अंतरं! गणित बसतच नाही. मग बिल्डर एक तर घरं कमी करतो, किंवा तळघर खणतो आणि घर महाग करतो, किंवा सरळ शहराबाहेरच्या शेतात निघून जातो.

हाच नियम घरटी एक गाडी केला की पार्किंग ३२५ चौरस मीटरवर येतं आणि अंगण परत मिळतं. एवढं गणित फळ्यावर मांडता आलं तरी तुम्ही सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या पुढे असता.

किमान पार्किंगचा नियम काढला तर सगळे बिल्डर एकही जागा बांधणार नाहीत, ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही; ती तपासून बघता येते एवढंच. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ साली हा नियम संपूर्ण शहरातून काढला. नंतरच्या मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की जवळपास निम्म्यांनी जुन्या किमानापेक्षा कमी जागा बांधल्या, बाकीच्यांनी तेवढ्याच किंवा जास्त. ज्याला गिऱ्हाइकासाठी पार्किंग हवं होतं त्याने ते बांधलंच. आर्कान्सामधलं फेएटव्हिल त्याहून लहान. तिथे २०१५ साली व्यावसायिक इमारतींसाठी किमान पार्किंगची अट गेली आणि वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या काही जुन्या इमारती पुन्हा वापरात आल्या, कारण त्यांच्या भूखंडांवर त्या अटीएवढ्या गाड्या कधीच मावणार नव्हत्या.

आणखी एक नियम जाता जाता. अमेरिका-कॅनडातल्या बऱ्याच ठिकाणी तीन-चार मजल्यांच्या इमारतीलाही दोन जिने लागतात. त्यामुळे मधे लांब बोळ येतो आणि घरांना एकाच बाजूने खिडक्या मिळतात. सिएटलमध्ये मात्र १९७०च्या दशकापासून अटींसह सहा मजल्यांपर्यंत एक जिना चालतो. छोट्या भूखंडांसाठी हा मुद्दा मोलाचा आहे, पण एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत तो काढू नका. तिथल्या लोकांना तो बदलता येत नाही, आणि ‘आग लागली तर?’ या प्रश्नात तुम्हाला बोलायला मिळणारी तीन मिनिटं संपतील.

वरातीमागून घोडं नको

सुनावणीची नोटीस लागली की आपण जागे होतो. तोवर बरंच ठरून गेलेलं असतं. क्रम साधारण असा असतो: शहराची विकास योजना, तिच्यावर आधारलेली नियमावली, मग बिल्डरची अधिकाऱ्यांशी प्राथमिक बोलणी, मग अर्ज, मग सुनावणी, मग अटींसह मंजुरी. यातल्या पहिल्या दोन टप्प्यांवर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा सभागृह ओस असतं. कारण योजनेच्या प्रारूपात कुणाच्या घरासमोर काय येणार ते दिसत नाही, कुठली जमीन कशासाठी ते सांगणारे नुसते रंग दिसतात. पण मध्यवस्तीभोवतीच्या ८०० मीटरला कोणता रंग द्यायचा हे तिथेच ठरतं. तिथे दिलेली दोन पानी सूचना पुढच्या दहा सुनावण्या वाचवते.

म्हणून पालिकेच्या नगररचना विभागात एकदा जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. योजनेची पुढची उजळणी कधी आहे? नियमावलीत बदलाचे कुठले प्रस्ताव पाइपलाइनमध्ये आहेत? आणि सूचनांसाठी मुदत किती असते? खिडकीपलीकडचा माणूस सहसा कंटाळलेला असतो, पण तक्रारीशिवाय आलेला नागरिक त्याला क्वचितच भेटतो. शांतपणे विचारलंत तर फाइलचा क्रमांकही तोच काढून देईल.

नियमावलीत मागायच्या गोष्टी फार नसतात. मध्यवस्तीजवळ किमान पार्किंग कमी करा किंवा काढा. एका भूखंडावर दोन-तीन-चार घरं सुनावणीशिवाय, नियमात बसली की मिळू द्या. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०१९ साली कायदाच केला की दहा हजारांवर वस्ती असलेल्या शहरांनी निवासी भूखंडांवर जोडघराला परवानगी दिलीच पाहिजे. इंडियानातल्या साउथ बेंडने याच्या पुढची युक्ती केली: छोट्या इमारतींचे आराखडे पालिकेनेच आधी मंजूर करून ठेवले. गवंडीकामातला अनुभवी, पण वास्तुविशारदाला मोठी फी न देऊ शकणारा स्थानिक माणूसही मग एक-दोन घरं बांधायला पुढे येतो. छोट्या शहरात मोठे बिल्डर येतच नाहीत. असलीच माणसं लागतात.

हिरवी इमारत की हिरवी जागा

छपरावर सौर पॅनेल, भिंतीवर वेली आणि शहरापासून बारा किलोमीटरवर गेट. अशा प्रकल्पाला ‘शाश्वत’ म्हणणाऱ्या पत्रकावर मी तरी विश्वास ठेवत नाही. रोज दूध आणायलाही गाडी काढावी लागणाऱ्या घराचा हिशेब पॅनेल कितपत भरून काढणार? म्हणून पहिला गुण जागेला द्या.

त्यानंतर बघा, भूखंडावर आधीच उभी असलेली इमारत पाडायची गरज आहे का. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के धरतात. जुना सांगाडा धडका असेल आणि त्यावर मजला चढवता येत असेल, तर ते काँक्रीट वाचतं. पार्किंगचं तळघर टळलं तर आणखी वाचतं. इथे पार्किंगचं गणित पुन्हा डोकं वर काढतं. एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या समाईक भिंती ऊनही खात नाहीत आणि थंडीही, त्यामुळे तेवढ्याच क्षेत्रफळाच्या सुट्या घरापेक्षा तापवायला-थंड करायला वीज कमी लागते. पावसाचं पाणी जिरायला उघडी माती किती, हा आकडा नकाशावर मागा. आणि भूखंडावरचं मोठं झाड वाचवायचं तर खोड वाचवून भागत नाही, मुळांभोवतीची जमीनही खणता कामा नये. ती किती मीटर सोडणार, हे मंजुरीच्या अटीत लिहून घ्या. नुसतं ‘वृक्ष जतन करण्यात येईल’ असं लिहिलं तर दोन वर्षांत वाळलेला बुंधा जतन झालेला असतो.

तळमजला

रस्त्याकडे दारं-खिडक्या आहेत का? एवढंच बघायचं. चाळीस मीटर लांब कोरी भिंत किंवा जाळीमागच्या गाड्या असतील, तर वर कितीही सुंदर गॅलऱ्या असोत, त्या बाजूने रात्री कुणी चालत जाणार नाही. दुकानांचा हट्ट मात्र सगळीकडे धरू नका. छोट्या शहरात मागणी नसताना तळमजल्यावर दुकानांची सक्ती केली की वर्षानुवर्षं शटर बंद राहतात. रस्त्यावर उघडणारी घरांची दारं, दोन पायऱ्या आणि बसायला कट्टा असला तरी रस्ता जागा राहतो.

समोरच्याचं म्हणणं खरं असू शकतं

विरोधकांना मूर्ख समजून गेलात तर हरलात. गाड्यांची गर्दी, सावली, पाणी, शेजार बदलणं, या गोष्टी ज्याच्या घराला लागून होतात त्याला लागतात. प्रत्येक आक्षेपाला आकडा शोधा, आणि आकडा त्यांच्या बाजूने निघाला तर तसं मान्य करा.

‘वाहतूक वाढेल.’ वाढेल, पण किती? वाहतूक अभ्यासात साध्या सदनिकांसाठी संध्याकाळच्या गर्दीच्या तासात घरटी साधारण अर्धी गाडीफेरी धरतात. १२ घरांमागे सहा गाड्या, दहा मिनिटांनी एक. शिवाय अशी बहुतेक कोष्टकं उपनगरांतल्या, भरपूर पार्किंग असलेल्या जागांवरून तयार झालेली असतात, त्यामुळे मध्यवस्तीजवळ खरा आकडा त्याहून कमी असू शकतो. अहवालात कोणतं कोष्टक वापरलंय ते विचारा.

‘गाड्या आमच्या गल्लीत लागतील.’ मग गल्ली मोजा. दुपारी बाराला, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला जागा किती आणि भरलेल्या किती. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांचा सोपा ठोकताळा होता: सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे एखाददुसरी कायम मोकळी सापडते. रात्री अकराला तुमच्या गल्लीत ५५ टक्केच भरत असतील तर वाद मिटला. ९८ टक्के भरत असतील, तर रहिवासी परवान्याची किंवा पैसे घेऊन पार्किंगची मागणी तुम्हीच पत्रात घाला. शेजाऱ्यांचा अर्धा राग तिथे ओसरतो.

‘नवी घरं महागच असणार.’ हा आक्षेप मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. नवं घर जुन्यापेक्षा महाग असतंच. पण नवं बांधलंच नाही, तर जास्त पगाराचा माणूस जुन्या घरासाठी बोली लावतो आणि तिथला भाडेकरू हलतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ साली निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायची मुभा दिली, आणि त्यानंतर बांधकाम परवानग्या वाढल्या त्या मुख्यतः जोडघरांच्या आणि एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या. पुरवठा वाढला म्हणून हातावर पोट असलेल्यांचा प्रश्न आपोआप सुटतो, असं मात्र सांगत फिरू नका. त्यासाठी वेगळी सोय लागते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं बर्लिंग्टन हे चाळीसेक हजार वस्तीचं शहर. तिथे १९८४ साली एक सामुदायिक भूमी न्यास उभा राहिला. जमीन न्यासाकडे राहते, घर कुटुंबाचं. विकताना कुटुंबाला वाढीव किमतीतला ठरलेला हिस्साच मिळतो, त्यामुळे पुढच्या कुटुंबालाही ते घर परवडतं. त्याच शहराने १९८१ साली आपला बाजाररस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला होता. दोन्ही कामं मिळून मध्यवस्ती टिकते. नुसता बाजार सजवला तर आसपासची भाडी वाढतात.

आणि भूखंडावर आज कुणी राहत असेल, तर पहिला प्रश्न त्यांचा. बांधकामाच्या काळात ते कुठे राहणार, भाडं कोण भरणार, आणि परत कोणत्या भाड्याने येणार. याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत पाठिंब्याची सही करू नका. माझ्यापुरती ही रेघ पक्की आहे.

पालिकेला समजणारी भाषा

नगरसेवकांसमोर पर्यावरणाचा मुद्दा मांडून झाला की तिजोरीचा मांडा. हिशेब जमिनीच्या एककामागे करायचा. उत्तर कॅरोलायनातल्या ॲशव्हिलमध्ये असा हिशेब गाजला होता. शहराबाहेरचं अवाढव्य दुकान एकरामागे सुमारे ६,५०० डॉलर मालमत्ता कर देत होतं, आणि मध्यवस्तीतली डागडुजी केलेली सहा मजली जुनी इमारत, खाली दुकानं आणि वर घरं, एकरामागे सुमारे ६,३४,००० डॉलर. तुमच्या शहरातही दोन मालमत्ता निवडा, कराची पावती किंवा नोंद मिळवा, क्षेत्रफळाने भागा. मध्यवस्तीत रस्ता, जलवाहिनी, गटार आधीच आहे. तिकडे दूरवर ते नव्याने टाकून कायम सांभाळावं लागतं. जलवाहिनी नवी वस्ती झेपवण्याएवढी आहे का, हे मात्र आधी पाणीपुरवठा खात्याला विचारून घ्या. नसली तर हा मुद्दा उलटतो.

पत्र

पत्र एका पानाचं असावं आणि सुनावणीआधी मुदतीत, फाइल क्रमांकासकट पोचलेलं असावं. शंभर जणांच्या सह्यांच्या एका छापील मजकुरापेक्षा सात जणांची सात वेगवेगळी पत्रं जास्त वजनदार. नमुना असा:

‘मी या भूखंडापासून ३५० मीटरवर अकरा वर्षं राहते. प्रस्तावित १२ घरांना माझा पाठिंबा आहे. नियोजित दारापासून किराणा ४ मिनिटं, शाळा ७ आणि बसथांबा ३ मिनिटं, हे मी दोनदा चालून मोजलं आहे. नकाशा जोडला आहे. विकास योजनेत मध्यवस्तीलगत जास्त घरं असावीत असं उद्दिष्ट दिलेलं आहे आणि प्रस्ताव त्याला धरून आहे. पार्किंगमध्ये मागितलेली सवलत द्यावी, कारण रात्री ११ वाजता आमच्या रस्त्यावरच्या ४० जागांपैकी २३ भरलेल्या होत्या. तीन दिवसांच्या नोंदी जोडल्या आहेत. दोन विनंत्या: दक्षिणेकडचा तुटलेला ६० मीटर पदपथ राहायला परवानगी देण्याआधी पूर्ण व्हावा, आणि चौकातली पादचारी सिग्नलची वेळ १३ वरून १८ सेकंद करावी.’

बघा, यात योजनेचं नाव सोडलं तर कुठेही ‘विकास’, ‘प्रगती’, ‘भविष्य’ नाही. योजनेतला उद्देश आहे, मोजलेला पुरावा आहे आणि दोन अशा मागण्या आहेत ज्यांनी प्रकल्प सुधारतो, अडत नाही. पाठिंब्याच्या पत्रात अट घालणं हा काहींना द्रोह वाटतो. उलट अशाच पत्रावर विश्वास बसतो, कारण लिहिणारा बिल्डरचा माणूस नाही हे लगेच कळतं. बिल्डरशी तुमचा काही व्यवहार असेल तर तो पहिल्याच ओळीत लिहा.

सभागृहात

मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ गावाशहरांच्या नियोजन बैठकांची इतिवृत्तं बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी चाळली. बोलणाऱ्यांत वयस्क, पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक यांचं प्रमाण मतदारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त होतं. घरांच्या प्रकल्पांना पाठिंबा देणारे १५ टक्क्यांच्या आसपास, विरोध करणारे ६३ टक्के. भाडेकरू, पाळीत काम करणारी नर्स, तान्हं मूल असलेली आई संध्याकाळी सातच्या बैठकीला येत नाही, एवढं साधं कारण त्यामागे बरंचसं असावं. आणि जी कुटुंबं त्या घरांत राहायला येणार, ती तर अजून शहरात आलेलीच नसतात.

तेव्हा तुमचं भाषण गाळा आणि दोन-तीन माणसं आणायची खटपट करा. मुलं सांभाळायला कुणीतरी हवं, घरी सोडायला कुणीतरी हवं, आणि नाव पुकारेपर्यंत त्यांच्याशेजारी बसायलाही. रोज वीस किलोमीटरवरून कामाला येणाऱ्या दुकानातल्या मुलीने ‘मला इथे भाड्याने घर मिळत नाही’ हे दोन वाक्यांत सांगितलं, तर तुमच्या वीस पानी टिपणाची गरज उरत नाही. वेळ बहुधा तीन मिनिटं असते. अडीचमध्ये संपवा. आधीच्याने मांडलेला मुद्दा परत मांडू नका, ‘त्यांच्या पत्राशी सहमत’ म्हणून पुढे जा. कुणी डिवचलं तर उत्तर अध्यक्षांकडे बघून द्या. आणि संपल्यावर पायऱ्यांवर त्या मोजपट्टीवाल्या गृहस्थांना गाठा. त्यांच्या सावलीच्या नकाशात तथ्य असेल, तर वरच्या मजल्याची मागची बाजू दोन मीटर आत घेता येईल का, असं वास्तुविशारदाला विचारायला दोघे मिळून जाता येतं.

मंजुरीनंतर

इथे बहुतेक जण घरी जातात आणि अटी फाइलमध्ये राहतात. मंजुरीपत्राची प्रत मागा, अटी क्रमांकासह उतरवून घ्या आणि कोणती अट कोणत्या टप्प्याला पूर्ण व्हायची ते समोर लिहा. पदपथ, झाडाभोवतीचं कुंपण, सायकलींची जागा, परवडणाऱ्या घरांची संख्या. बांधकामाच्या काळात पत्रे ठोकून पदपथ बंद करायची सवय सगळीकडे आहे. पर्यायी वाट न देता दीड वर्ष रस्त्यावरून चालायला लावलं, तर शेजाऱ्यांना पुढच्या प्रकल्पाची आजच चीड येते. पहिल्याच आठवड्यात फोटो काढून पालिकेला कळवा.

लोक राहायला आल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तीच फेरी मारा: तीच पिशवी, तेच घड्याळ. रात्री अकराला गल्लीतल्या गाड्या मोजा आणि जुन्या नोंदींशेजारी नवे आकडे लिहा. पुढच्या सुनावणीत यापेक्षा चांगला पुरावा सापडणार नाही. जाताना नकाशात दाखवलेलं रस्त्याकडचं छोटं दार खरंच उघडं असतं का, तेही बघा. बऱ्याच ठिकाणी व्यवस्थापक सोयीसाठी तिथे कुलूप लावतो आणि सगळ्यांना मागच्या पार्किंगमधून वळसा घालायला लावतो. तसं दिसलं तर मंजुरीपत्रातली अट काढा आणि तिचा क्रमांक घालून एक ओळीचा अर्ज द्या.